कच्चं लिंबू, वाणी आणि पाच फूट

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तितके काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

 

आज सुरुवात एका प्रश्नाने. लहानपणी तुम्ही कधी कच्चं लिंबू होतात का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोसायटीत लपाछपी किंवा डबा ऐसपैस चालू असतो. सगळी मोठी मुलं. कुणाची तरी धाकटी बहीण रडत येते, मला पण घ्या. तिला घेतात, पण ती कच्चं लिंबू. ती आउट झाली तरी आउट नाही, तिच्यावर राज्य येत नाही. ती खेळात असते, पण खेळ तिला मोजत नाही. काही ठिकाणी लिंबूटिंबू म्हणतात.

मी ती होते. बरीच वर्षं. माझी उंची आजही चार फूट दहा इंच आहे, त्यामुळे काही लोकांसाठी मी अजूनही तीच आहे. [हसू]

तर आजचा एपिसोड एका तीन फुटी मुलीबद्दल. तिचं नाव वाणी. ती हाफलिंग आहे, वय १९, आणि एका नाईटची स्क्वायर आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समधलं हे माझं पहिलं कॅरेक्टर.

ज्यांनी हा गेम कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांगतो: समोर पूल आहे, पलीकडून शिट्टी ऐकू येते, काय करता? बाकीचे आपापलं कॅरेक्टर चालवतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. बोर्ड नसला तरी चालतं. एक पेन्सिल, एक कागद आणि न लाजणारे मित्र लागतात. हा गेम १९७४ साली अमेरिकेत आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी केला.

सुरुवातीच्या छपाईत हाफलिंग नव्हतेच बरं का. तिथे सरळ 'हॉबिट' लिहिलं होतं. टोल्किनच्या पुस्तकांचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडून कायदेशीर हरकत आली, आणि पुढच्या छपाईत हॉबिटचा हाफलिंग झाला. गंमत अशी की हाफलिंग हा शब्दही टोल्किनच्याच पुस्तकात आहे. उंच माणसं हॉबिटांना त्या नावाने हाक मारतात. म्हणजे हाफलिंग हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही. मोठ्यांनी मोजून दिलेलं आहे. तुझ्यात आमच्यातलं अर्धं.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पण राग मात्र नेमका तिथेच आला होता.

झालं असं. पुण्यात, ऑफिसच्या मित्रांच्या फ्लॅटवर, शनिवारची रात्र. पहिल्यांदाच कॅरेक्टर बनवत होतो. एकाने एल्फ घेतला, एकाने ड्रॅगनबॉर्न. माझा नंबर आला आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी म्हणालं, "तू हाफलिंग घे, तुला ॲक्टिंगच करावी लागणार नाही." सगळे हसले. मीही हसले. तुम्हाला माहीत असेल, असं हसायची सवय लागते.

आमच्या टीमचा सीनियर शेजारी बसला होता. तो हसला नाही. नाव सांगणार नाही, त्याला आवडणार नाही. मी जॉईन झाले तेव्हा माझा पहिला कोड रिव्ह्यू त्याने केला होता. सत्तावीस कमेंट्स होत्या, आणि शेवटी 'छान, पुढे जा' असं लिहिलं होतं. तो नाईट बनवत होता. तो म्हणाला, "मला स्क्वायर लागेल. येतेस?"

मी म्हणाले, येते. हाफलिंग पण आणि स्क्वायर पण. राग होता हो. म्हटलं, लहानच करायचं तर पूर्ण लहान करते.

नावासाठी हँडबुक उघडलं. हाफलिंग मुलींच्या नावांची यादी असते त्यात. ब्री, कॅली, कोरा… आणि खाली चक्क 'वाणी'! विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेल्या गेमच्या पुस्तकात माझ्या मावशीच्या शेजारणीचं नाव. विषयच संपला.

आता जरा आकडे, कारण शेवटी मी इंजिनियर आहे. आम्ही २०१४च्या नियमांनी खेळायचो, पाचवी आवृत्ती. २०२४ला नवीन हँडबुक आलं, त्यात थोडे बदल आहेत.

हाफलिंग साधारण तीन फूट उंच, वजन ४० पौंड, म्हणजे १८ किलो. नाईटच्या पहिल्या लेव्हलला जे साखळ्यांचं चिलखत मिळतं, चेन मेल, त्याचं वजन ५५ पौंड. म्हणजे चिलखत वाणीपेक्षा जड. नियमाने ती ते घालू शकते, पुरेशी ताकद असली की झालं. लहान साईजसाठी वेगळं वजन नाही. मोठी दोन हातांची तलवार वगैरे घेतली तर मात्र तिचा नेम बिघडतो. चालही इतरांपेक्षा थोडी कमी.

मग चांगलं काय? तीन गोष्टी. एक, हाफलिंग नशीबवान. फाशावर १ पडला तर पुन्हा टाकायचा. साध्या माणसाला १ पडायची शक्यता २० मध्ये एक. हाफलिंगच्या हातात शेवटी १ राहायची शक्यता ४०० मध्ये एक. दोन, हाफलिंग शूर. भीती घालणाऱ्या गोष्टीसमोर त्यांना दोन फासे मिळतात, चांगला तो घ्यायचा. तीन, आणि ही माझी आवडती, हाफलिंग आपल्यापेक्षा मोठ्या कुणाच्याही पायांमधून निघून जाऊ शकतो. लोकलमध्ये मी हे रोज करते, फक्त मला त्याचे पॉइंट मिळत नाहीत.

शूर म्हणजे भीती वाटत नाही असं नाही बरं का. फासा टाकावाच लागतो. फक्त दोनदा टाकायला मिळतो.

आता स्क्वायर. मी मराठी शब्द शोधत बसले होते. शिलेदार नाही, कारण शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. बारगीर जरा जवळ वाटतो, घोडा सरकारचा आणि स्वार हा. पण बारगीर पूर्ण वाढलेला लढवय्या. हुजऱ्या म्हणावं तर लढाई निघून जाते. शेवटी मूळ शब्दाकडे गेले. स्क्वायर हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधली ढाल आहे. स्क्वायर म्हणजे ढाल वाहणारा. दुसऱ्याची ढाल.

मध्ययुगीन युरोपात साधारण सात वर्षांचा मुलगा एखाद्या मोठ्या घराण्यात पेज म्हणून जायचा. चौदाच्या आसपास स्क्वायर. नाईटचे घोडे बघायचे, चिलखत घासायचं, त्याला ते चढवायचं, जेवताना मांस कापून वाढायचं, लढाईत मागे राहून नवीन भाला द्यायचा. साधारण एकविसाव्या वर्षी नाईट. असं आपण पुस्तकात वाचतो, बारावी, इंजिनियरिंग, नोकरी यासारखं सरळ.

पण ते तितकं सरळ नव्हतं. घोडे, चिलखत, सगळा लवाजमा, नाईट होणं फार महाग होतं. कितीतरी स्क्वायर आयुष्यभर स्क्वायरच राहिले, आणि त्यांना त्यात काही कमीपणा नव्हता. इंग्लंडच्या राजांना तर तेराव्या शतकात उलटी सक्ती करावी लागली. ठरावीक उत्पन्न आहे ना, मग नाईट हो, नाहीतर दंड भर. म्हणजे स्क्वायर ही नेहमीच वेटिंग लिस्ट नव्हती.

आणि हँडबुकमध्ये स्क्वायर कुठे आहे माहितीये? तो दुसऱ्याच्या कॅरेक्टरचं एक फीचर आहे. तुम्ही सरदार घराण्यातला नाईट घेतलात तर तुम्हाला तीन सेवक मिळतात, त्यातला एक स्क्वायर. नियम असा की हे सेवक तुमच्यासाठी लढत नाहीत, डंजनसारख्या उघड धोक्याच्या जागी येत नाहीत, आणि सारखं संकटात टाकलं किंवा वाईट वागवलं तर सोडून जातात. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने वाणीने दारात घोडे धरून उभं राहायचं. कच्चं लिंबू.

म्हणून मी तिला फायटर केलं, पहिल्या लेव्हलची, आणि फायटिंग स्टाईल घेतली 'प्रोटेक्शन'. हा नियम नीट ऐका, पुढे लागणार आहे. हातात ढाल हवी. शेजारच्या साथीदारावर कुणी वार केला, तर दर फेरीत एकदा मी मध्ये ढाल घालू शकते. मग वार करणाऱ्याला दोन फासे टाकावे लागतात आणि वाईट तो घ्यावा लागतो. त्याला ११ किंवा वर हवं असेल तर आधी शक्यता ५० टक्के, ढाल मध्ये आली की २५. निम्मी! तीन फुटी मुलीने हात वर केला म्हणून.

अट एकच. साथीदार पाच फुटांच्या आत पाहिजे.

पहिले काही महिने मज्जा आली. सर, म्हणजे त्याचा नाईट, पुढे. मी डावीकडे. ऑफिसात आम्ही त्याला अरे-तुरे करायचो, गेममध्ये 'सर'. हळूहळू ऑफिसातही तोंडातून सर निघायला लागलं आणि तो वैतागायचा.

पण एक गोष्ट डीएमने पकडली. माझी पाळी आली की मी सरांकडे बघायचे. दर वेळी. एकदा नदीवरच्या पुलावर लढाई चालू होती, डीएमने विचारलं, "वाणी काय करते?" मी वळले. डीएम म्हणाला, "त्याला नाही, तुला विचारतोय." खोलीत शांतता. मी म्हणाले, "मी… सरांच्या शेजारी उभी राहते." डीएम म्हणाला, "हे तुझं उत्तर आहे की सवय?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

मग ते झालं जे गेल्या काही वर्षांत आपल्या फील्डमध्ये बऱ्याच जणांचं झालं. कंपनीत कपात झाली. सकाळी एक मीटिंग, पंधरा मिनिटांची. आमच्या टीममधून दोघे गेले, त्यातला एक तो. माझं नाव यादीत नव्हतं. मी दोन वर्षांची, तो नऊ वर्षांचा, आणि मी राहिले. संध्याकाळपर्यंत त्याचा लॅपटॉप जमा, त्याचं नाव चॅटमधून गायब. महिनाभरात तो फ्लॅट सोडून गावी गेला.

शनिवारी आम्ही बसलो तेव्हा एक खुर्ची रिकामी होती. डीएमने त्याच्या नाईटला मारलं नाही. म्हणाला, माघार घेताना नाईट शत्रूच्या हाती लागले. वाणीच्या हातात त्यांची ढाल राहिली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला पाहिजे तर वाणीला नाईट करू. घोडा आहे, ढाल आहे, गटाला पुढे कुणीतरी लागेलच." सगळे म्हणाले, घे घे, प्रमोशन.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात ऑफिसात मॅनेजरने मला त्याचं मॉड्यूल दिलं होतं. असंच म्हणाला होता. संधी आहे, घे.

मॉड्यूल मी घेतलं. ते घ्यावंच लागतं. पण कॅरेक्टर शीटवर मी लिहिलं, 'ढाल (सरांची)', आणि नाईट व्हायला नाही म्हणाले. खेळताना छान वाटलं. निष्ठावान वाणी! आम्ही खंडणी जमवायला सुरुवात केली, कारण तेव्हा पकडलेल्या नाईटला मारण्यापेक्षा विकणं फायद्याचं असायचं. वाणी दर सेशनला विचारायची, किती जमले?

आता खरी गोष्ट सांगते, आणि याच्यासाठीच हा एपिसोड केलाय. या सगळ्या दोन महिन्यांत मी त्या माणसाला एकदाही फोन केला नाही.

एक मेसेज केला होता पहिल्या दिवशी. 'खूप वाईट वाटलं, टेक केअर.' त्याने अंगठा दिला. बस. मग रोज वाटायचं, काय बोलू? मी राहिले आणि तू गेलास, हे कसं बोलू? त्याचा कोड वाचताना जागोजागी त्याच्या कमेंट्स दिसायच्या. एका ठिकाणी माझ्याच नावाने लिहिलेलं, हे हिला विचारा, हिला जास्त कळतं. मी ती फाईल बंद केली. टेबलावर मी त्याच्यासाठी सोन्याची नाणी मोजत होते, आणि खऱ्या फोनमध्ये त्याचं नाव खाली खाली सरकत होतं.

एका शनिवारी खंडणी पूर्ण झाली. डीएमने फासेबिसे बाजूला ठेवले आणि म्हणाला, "आता नाईट परत यायला हवेत. कोण बोलवणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पण सवयीने डावीकडे बघितलं. रिकामी खुर्ची.

मी गॅलरीत जाऊन फोन लावला. त्याने उचलला. मी एकदम बोलून गेले, "सर, सोडवलंय तुम्हाला." पलीकडे दोन सेकंद काहीच नाही. मग तो म्हणाला, "कोण, वाणी?" आणि मला रडायला आलं. मग मी सगळं भडाभडा बोलले. फोन न केल्याचं, लाज वाटल्याचं, सगळं. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला अवघड होईल, म्हणून मी पण नाही केला." दोघं दोन महिने एकमेकांना अवघड होऊ नये म्हणून गप्प. म्हणजे आम्ही किती शहाणे बघा.

पुढच्या शनिवारी तो व्हिडिओ कॉलवर आला. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून त्याच खुर्चीसमोर ठेवला. डीएमने विचारलं, वेळ आहे ना? तो म्हणाला, "आता वेळच वेळ आहे." हसला. आम्हाला कुणाला हसता आलं नाही.

त्याचा नाईट परत आला तो नुसत्या अंगरख्यात. हे इतिहासाला धरून आहे. नाईट पकडला गेला की त्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं. विल्यम मार्शल नावाचा माणूस, ज्याने स्क्वायर म्हणून सुरुवात केली आणि शेवटी इंग्लंडचा कारभार बघितला, त्याने तर स्पर्धांमध्ये अशा वस्तू जिंकूनच पैसा केला होता. तर आमचे सर: ना तलवार, ना घोडा. आणि त्याच रात्री छावणीवर हल्ला. तो फोनमधून म्हणाला, "माझं स्किप करा. माझ्याकडे करण्यासारखं काही नाहीये."

डीएमने विचारलं, "वाणी काय करते?"

मी कुणाकडे बघितलं नाही. म्हणाले, "सर कुठे आहेत?" डीएम म्हणाला, तंबूच्या दाराशी, मध्ये दोन ओगर. ओगर म्हणजे दहा फुटी राक्षस. मी म्हणाले, "मग मी त्यांच्या पायांमधून जाते." हाफलिंग जाऊ शकतो. गेले. पोचले. पाच फुटांच्या आत. ओगरने सरांवर सोटा उगारला, मी ढाल वर केली, डीएमने दोन फासे टाकले. १७ आणि ४. चार! टेबलावर जो आरडाओरडा झाला, खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

आणि फोनमधून आवाज आला, "थांबा थांबा, माझी पाळी आहे ना? मी जमिनीवरचा तंबूचा खांब उचलतो."

इतकंच झालं. त्याला लगेच नोकरी मिळाली वगैरे असं काही झालं नाही, त्याला अजून पाच महिने लागले. मी काही त्याला नोकरी मिळवून दिली नाही, तेवढी माझी उंची नाही. एक-दोन ठिकाणी नाव पाठवलं, मॉक इंटरव्ह्यू घेतले. मी त्याचे! पहिल्याला मी त्याला सत्तावीस कमेंट्स दिल्या, मुद्दाम मोजून.

डीएमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. शेजारी उभं राहणं ही सवय होती, जेव्हा सर मोठे होते आणि मी त्यांच्या आडोशाला होते. सरांकडे काहीच नव्हतं तेव्हा मी स्वतः पायांमधून वाट काढून गेले, ते उत्तर होतं. दोन्हीकडे जागा तीच, पाच फूट. प्रोटेक्शनचा नियम उंची विचारत नाही, लेव्हल विचारत नाही. तुम्ही किती जवळ आहात एवढंच विचारतो.

आणि हो, टोल्किनच्या पुस्तकातही हेच आहे. मेरी नावाचा हॉबिट राजा थेओडेनचा स्क्वायर होतो. त्याला सांगतात, तू मागे राहा, ही लढाई तुझ्यासाठी नाही. तो लपून जातो, आणि ज्या शत्रूसमोर मोठेमोठे पळतात त्याला मागून, गुडघ्यामागे वार करतो. शेवटचा घाव त्याचा नाही, एओविनचा आहे. पण तो तिथे पोचला होता.

तुम्हाला असं कॅरेक्टर करायचं असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा, बाकी आकडे नंतर. तुम्ही कुणाचे स्क्वायर आहात, आणि तो माणूस टेबलावर कोण खेळतंय? त्याच्याशी आधी बोला, नाहीतर त्याला नोकर मिळेल आणि तुम्हाला कंटाळा. दुसरा, तुम्ही अजून नाईट का नाही? पैसे नाहीत, वय नाही, की मुळात व्हायचंच नाही? तिन्ही उत्तरं चालतात. तिसरा, तुमच्याजवळ अशी कोणती वस्तू आहे जी तुमची नाही? ती जपताना तुमचं कॅरेक्टर आपोआप तयार होतं.

वाणी आता सातव्या लेव्हलला आहे. वीस वर्षांची झाली, म्हणजे हाफलिंगांच्या हिशेबाने सज्ञान. अजून स्क्वायरच आहे. दर शनिवारी बाटलीला टेकवलेला फोन तिच्या उजवीकडे असतो. शीटवर ढालीपुढचा कंस मी खोडायला गेले होते एकदा. सर म्हणाले, राहू दे.

तर आज एवढंच. हा एपिसोड संपला की पुढचा लगेच लावू नका. फोनमध्ये जे नाव खाली सरकत गेलंय ना, त्याला आधी फोन लावा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. मला पण सुचलं नव्हतं.

भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत, १ पडला तर पुन्हा टाका!